राजाचा घोडा आणि माझा बैल

ज्या जागेवरून जाताना आमच्या गावचे लोक नाकाला धोतराचा सोगा लावायचे, तिथे आता तिकीट काढून खोल श्वास घ्यायला जातात. पायात पांढरे बूट, कानात गाण्याची बोंडं. गोल रस्त्यावर फिरतात आणि जिथून निघाले तिथेच येतात. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढायचा.

उद्यान म्हणतात त्याला. पालिकेने पंचवीस-तीस बिघे जमीन तारेत घातली आणि आत सिमेंटचा जिराफ उभा केला. गुडघाभर पाण्याच्या तळ्यात बदकाच्या तोंडाच्या होड्या सोडल्या. तापी इतकी जवळ, तिच्यात कधी पाय न घातलेले लोक इथे केशरी जाकीट घालून, जीव मुठीत धरून बसतात. एक सिमेंटचं झाडही केलंय, त्यावर सिमेंटचे पोपट. खरे पोपट येतात आणि त्यांच्या डोक्यावर हगून जातात. त्या उद्यानात अक्कल कुणाला असेल तर त्या पोपटांना.

कोपऱ्यात हसणाऱ्यांची टोळी असते. बाजारपेठेतले शेठ, शेठाण्या, रिटायर मास्तर. हात वर करून हा हा हा करतात. यातल्या एकाही शेठचे दात मी दुकानात कधी पाहिले नव्हते.

मी दुसरी नापास माणूस. पण त्या जागेवर आधी काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. गावातली मेलेली ढोरं टाकायची जागा होती ती. मधोमध मोठी चिंच. तिच्यावर गिधाडं बसायची, इतकी की त्यांच्या विष्ठेने झाड चुना फासल्यासारखं पांढरं दिसायचं. सकाळी टाकलेल्या ढोराची संध्याकाळी नुसती हाडं उरायची. पुढे ती गिधाडं कुठे गेली कोण जाणे. ढोरांना टोचायच्या औषधाने मेली म्हणतात. त्यांच्यासाठी कुणी उद्यान केलं नाही.

माझा बैलही तिथेच आहे. म्हसावदहून आणला होता, जुवाखाली डावीकडे चालणारा. माझ्यासारखाच आडमुठा, पण नांगराला लागला की मागे बघायचा नाही. मेला तेव्हा ओढून न्यायला गावात माणसं ठरलेली होती. वरच्या म्हणवणाऱ्यांनी त्या कामाला हात लावायचा नाही, अशी रीत. मी म्हटलं, आयुष्यभर याची कमाई मी खाल्ली, आता ओढायला दुसरा कशाला? दोर बांधून मीच ओढला. भाऊबंद महिनाभर माझ्या हातचं पाणी प्याले नाहीत. नाही प्याले तर नाही, माझ्या विहिरीचं पाणी वाचलं.

तर गेल्या उन्हाळ्यात त्या चिंचेला लाल रंगाची फुली मारली. म्हणजे तोडायची. मी जाऊन बुंध्याशी बसलो. आमच्या वॉर्डाचा नगरसेवक मोटारसायकलवर आला. याचा आजा बरा माणूस होता.

"आबा, झाड मधी येतंय. तिथे रंगीत कारंजं बसवायचंय. गाण्यावर पाणी नाचणार."

"पाण्याला नाचायला दुसरी जागा नाही?"

"जागा आहे हो. पण वरच्या साहेबांना कारण दाखवावं लागतं. झाडाला काही इतिहास असला तर राहील. तुम्ही गावात सगळ्यात जुने. रविवारी उद्यानात कार्यक्रम ठेवतो, त्यात माइकवर बोला, या चिंचेला राजाने घोडा बांधला होता. आम्ही लगेच पाटी लावतो."

"कोणता राजा?"

"तो आम्ही बघतो. तुम्ही फक्त घोडा बांधा."

घरी सांगितलं तर म्हातारी उलट माझ्यावरच.

"बांधी द्या ना मंग घोडा! तुमना बापनं काय जास? झाड तं ऱ्हाई."

"मन्हा बैल शे तठे. त्यानावर घोडा बांधू?"

"बैल मरी गया. झाड जित्तं शे," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. बाई चुकीचं बोलत नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही.

कार्यक्रमाला मांडव, खुर्च्या, हार. पाटी आधीच रंगवून कापडाखाली झाकून ठेवलेली. म्हणजे इतिहास तयार होता, मी नुसती मान डोलवायची होती. माइक हातात आला तेव्हा मनात एवढंच होतं, खोटं बोललो तर झाड वाचेल. पण समोर ती हसणारी टोळी बसलेली. मी तोंड उघडलं आणि खरं तेच निघालं.

"इथे कुठल्या राजाचा घोडा नव्हता. राजा इथे आला असता तर वासाने पळून गेला असता. गावाची मेलेली ढोरं इथे पडायची. तुम्ही बसलात त्या खुर्च्यांखाली हाडं आहेत. आणि या झाडाच्या गरदार चिंचा तुम्ही पिशव्या भरून नेता ना? त्या हाडांवरच पोसल्या."

एक शेठाणी तोंड धरून नळाकडे पळाली. कुणी हसलं नाही, रोज हसायची सवय असून.

नगरसेवक कानाशी येऊन म्हणाला, "झालं समाधान? आता झाड गेलंच समजा, आबा. कुऱ्हाड तुम्ही चालवली."

त्या दिवशी घरापर्यंतचा रस्ता मला जड गेला. म्हातारीने ताट वाढलं.

झाड गेलं नाही. शेठ लोकच पालिकेत जाऊन भांडले, त्या जागेतलं पाणी आमच्या लेकरांच्या अंगावर उडवता का म्हणून. कारंजं गेलं संडासाजवळ. नगरसेवक भेटला, कपाळाला आठ्या.

"तुमच्यामुळे माझं कारंजं संडासापाशी गेलं."

"बरं झालं. पाण्याची खरी गरज तिथेच होती."

पाटी फुकट जाऊ नये म्हणून ती सिमेंटच्या झाडाला ठोकली. राजाने त्या सिमेंटला घोडा बांधला होता, असं आता बाहेरगावचे लोक वाचतात आणि फोटो काढतात. काढू देत.

चिंचेखाली कुणी फिरकत नाही. भर उन्हात पत्र्याच्या शेडखाली भाजतील, पण या सावलीत येणार नाहीत. मी बसतो. परवा एक म्हातारा काठी टेकत आला, आमच्या पलीकडच्या गल्लीतला, माझ्याच वयाचा. माझं माइकवरचं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं.

"भाऊ, आमना बैल बी आठेच टाकेल शे," तो म्हणाला. "कोणती बाजूले, ते ध्यानमा नही."

"बठ कोठे बी."

बसायच्या आधी त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या.

"देऊळ नही हाई," मी म्हटलं. "घाल चपला, काटा लागी."

त्याने घातल्या नाहीत. माणूस माझ्याइतकाच हट्टी निघाला.