तिसरी बटालियन आणि रिझर्व्ह फोर्स

फौजी माणसाच्या शेजारी बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, अंगावरच येऊन पडतात! मी निवृत्त पीटी मास्तर. अमरावतीत सुभेदार इंगळेंच्या भरती अकॅडमीत पोरांची हजेरी घेतो आणि रोज हसून घरी येतो.

अकॅडमी निघाली तेव्हा पोरं होती नऊ. पहिल्याच दिवशी सुभेदारांनी पाटी लावली, 'तिसरी बटालियन'!

"साहेब, पहिली-दुसरी कुठं आहे?"

"मास्तर, दुश्मनाले आपला आकडा समजू द्याचा नसते."

दुश्मन म्हणजे रस्त्यापलीकडची अकॅडमी. आठवड्याभरात तिथंही पाटी लागली, 'सातवी बटालियन'. पोरं सहा!

*

मैदानातले काटे वेचून झाडू मारायचा, या कामाला सुभेदारांनी नाव दिलं 'ॲडव्हान्स एरिया क्लिअरन्स कोर्स'. वर सर्टिफिकेट! एका पोरानं ते अकोल्याच्या भरतीत हवालदारापुढं ठेवलं.

"इसमें क्या सिखाया?"

"झाडू, सर."

"शाबास! हमारा भी पहला कोर्स यही था."

*

मागं पडणाऱ्या पोरांना कुणी 'ढ' म्हटलेलं सुभेदारांना खपत नाही. म्हणून त्यांची तुकडी 'रिझर्व्ह फोर्स'. यंदा तिच्यात एकटाच गोपाल, चांदूर बाजारकडचा. वयाच्या हिशेबानं ही त्याची शेवटची भरती. सोळाशे मीटरमध्ये बाराशेला चालायला लागायचा आणि म्हणायचा, "सर, मी घरी चाललो."

एक दिवस त्याचे वडील, गावचे कोतवाल, पेढे घेऊन हजर!

"पोट्टं रिझर्व्ह फोर्समंदी लागलं! साऱ्या गावाले वाटून आलो. ब्यानर बी लावला."

सुभेदारांनी तोंडाशी नेलेला पेढा खाली ठेवला. "काका, रिझर्व्ह मंजे..."

"मंजे खास! समजते मले," म्हणत म्हातारा निघून गेला. मला गोपालचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर गोपालनं घरी जायचं नाव काढलं नाही. तोंड कुठं दाखवणार? पळाला, पडला, पुन्हा पळाला आणि अकोल्याच्या भरतीत चक्क पास झाला!

कोतवाल पुन्हा पेढे घेऊन आले. आता सुभेदारांनी मन मोकळं केलं. "काका, माफी करा. आपली रिझर्व्ह फोर्स मंजे मागं राह्यलेले पोट्टे. तुमचा गैरसमज झाला, अन् मी सांगतलं नाही."

म्हाताऱ्यानं डबा पुढं सरकवला.

"घ्या साहेब, पेढा घ्या. मी कोतवाल माणूस. साऱ्या इलेक्शना तहसीलात रिझर्व्हमंदी बसून काढल्या. रिझर्व्ह मंजे काय, हे मले नोका सांगू!"