कॅम्पचे काका

"आज दाल गाढी रखना, साहब लोग आ रहे हैं," आखातातल्या अल क्वोजच्या लेबर कॅम्पमध्ये काका आचाऱ्याला सांगत होते. मी मागे उभी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

कॅम्पची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. पाहणीला कुणी आलं की टिपणं घ्यायला कंपनीचं ऑफिस मला सोबत पाठवायचं. मी मराठी आहे हे कळल्यापासून ते मला "बेटा" म्हणत आणि मी त्यांना काका. कामगारांना ते "माझी पोरं" म्हणत, पण एकाचंही नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. कुणी एसीचं विचारो की पाण्याचं, उत्तर एकच, "इन्शाल्ला, उद्या." आम्हाला मात्र सुलेमानी चहा लगेच यायचा. त्यांचं हसणं मला कधीच खरं वाटलं नाही.

त्या दिवशी शेवटच्या खोलीला कुलूप होतं.

"स्टोअर, सर. ओन्ली ओल्ड मॅट्रेस," म्हणत काका दारासमोरच उभे राहिले. आतून कुणीतरी खोकलं. काका एकदम मोठ्या आवाजात नव्या कूलरबद्दल बोलायला लागले. खोकला थांबेना. मग आतून दारावर हलकीशी थाप पडली. आजारी माणूस साहेबांच्या नजरेला पडू द्यायचा नव्हता तर.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "यल्ला, चलो सर, चाय!" काका म्हणाले.

पाहणीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "आधी ते कुलूप काढा. आत माणूस आहे."