फॉर्ममधला होय-नाहीचा रकाना

मला नारायणगावच्या स्टँडवर सोडायला निलेश आला होता. निलेश माझा चुलत भाऊ, माझ्याच वयाचा. वर्षभरापूर्वी याच स्टँडवरून तो सैन्यात गेला आणि ट्रेनिंग अर्धवट असताना त्याला परत पाठवलं. आता मी ट्रेनिंगला निघाले होते. आप्पा, माझे वडील, त्याच्याकडं बघायचं टाळत होते. बंगळूरूत सकाळी लई गार असतं, स्वेटर वरच ठेव, एवढं सांगून निलेशनं माझी ट्रंक एसटीत चढवली.

भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या बोरी बुद्रुकच्या, शेजारच्या वारूळवाडीच्या पोरी हल्ली मला फोन करतात. एखादीवर किरकोळ केस असते. फॉर्मवर काय लिहू, विचारते. खरं लिही, हे सांगायला सोपं आहे, पण मी ते कसं लिहिलं हेही सांगायला हवं.

बैलगाडा शर्यतींवर बंदी होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं बैलांच्या पुढं घोडी पळवतात. आमची घोडी मी पळवायचे, गाडा निलेश जुंपायचा. चोरून भरवलेल्या एका शर्यतीवर पोलीस आले आणि गुन्ह्यात आम्हा दोघांची नावं लागली. दोघांनाही नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. पुढं बंदी उठली, असे गुन्हे मागे घ्यायचंही ठरलं, पण आमची केस जुन्नरच्या कोर्टात पडूनच राहिली.

पुढं सैन्यभरतीत दोघांचीही निवड झाली. पडताळणीच्या फॉर्मवर प्रश्न होता, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?

निलेश म्हणाला, "दोघं बी न्हाई लिवू. गाड्याची केस कोण बघतंय?"

मी बरं म्हटलं. त्यानं तसं लिहून फॉर्म दिला. माझा नंबर आठवड्यानं लागला. भरती ऑफिसातल्या सुभेदारांनी सगळ्या पोरींना बजावलं की बारीकसारीक केस सांगितली तर विचार होतो, लपवली तर वर्दी अंगावरून उतरते. मी घाबरले आणि 'होय' लिहिलं. त्यात खरेपणा किती आणि भीती किती, मला आजही सांगता येत नाही.

घरी येऊन फक्त आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस. पन घरात बोलू नको." निलेश अजून गावातच होता. तेव्हा कळलं असतं तर अर्ज करून त्याला दुरुस्ती करता आली असती. मी शब्द फिरवला असं तो म्हणेल, या भीतीनं मी गप्प बसले.

तो गेला. केस मिटेपर्यंत माझी निवड थांबवली आणि माझी बॅच माझ्याशिवाय गेली. मी जुन्नरला तारखांना खेटे घालत राहिले. शेवटी केस मागे घेतल्याचा हुकूम मिळाला. गुन्हा किरकोळ, स्वतःहून सांगितलेला, असा शेरा मारून भरतीच्या साहेबांनी वरून खास परवानगी आणली. तोवर पोलिसांचा अहवाल निलेशच्या सेंटरला पोचला होता. केस मागे घेतली होती, पण लपवली ती लपवलीच.

आता मी लष्करी पोलिसात आहे. रोल कॉल, गेट ड्यूटी, गाड्यांची तपासणी. दिवसभर हिंदी बोलते, झोपेत मराठी बोलते असं शेजारच्या बेडवरची पंजाबी मुलगी सांगते.

गेल्या रजेत कांद्याची लागण चालू होती. निलेशच्या शेजारच्या वाफ्यात बसून मी सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"मला म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "तू कोर्टात जाती हे आईनं फोनवर सांगितलं, तवाच वळखलं तू होय लिवलंय. मी ट्रेनिंगमदी व्हतो. तवाच सायबाला जाऊन सांगायला पायजे व्हतं. माझीच छाती झाली न्हाई."

मग त्यानं रोपांची जुडी माझ्याकडं सरकवली. आम्ही वाफा संपवला.

युनिटमध्ये माझी फाईल चांगली आहे. नव्या मुलींना साहेब माझं उदाहरण देतात आणि मी सावधानमध्ये उभी राहून ऐकते. त्या फाईलमध्ये नसलेलं बोरीत एका माणसाला आधीपासूनच ठाऊक होतं, आणि तरी त्यानं माझी ट्रंक चढवली. रजेचा अर्ज लिहिताना 'कुठे जाणार' या ओळीत मी गावाचं नाव घालते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तो माणूस असतो.