माह्यासमोर मोज

दसऱ्यानंतरच्या सोमवारी पुसदच्या एका मोबाइलच्या दुकानात आठ हजार चारशे रुपये रोख दिले गेले. हजर होतो आम्ही चौघे: देवकाबाई, त्यांचा मुलगा गजानन, दुकानदार आणि मी. पैसे देवकाबाईंचे होते, पहिल्या वेचणीच्या कापसाचे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे गजाननने गावभर सांगितलं की आईला फोन त्याने घेऊन दिला. त्याने दिला नाही. तो दुकानाच्या दारात उभा राहून म्हणत होता, "जिले आता बोलताच येणार नाही, तिले फोन कायले?"

दुकानदाराने नोटा मोजून गल्ल्यात टाकल्या. देवकाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "काढ त्या. माह्यासमोर मोज."

"मोजल्या ना, मावशी."

"तू तुह्यासमोर मोजल्या."

त्याने नोटा बाहेर काढून काउंटरवर पुन्हा मोजल्या. गजानन लाजून रस्त्याकडे बघत राहिला.

फुलसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात देवकाबाईंचं घर माझ्या घराला लागून होतं. मधली भिंत एकच. नवरा लवकर गेला. पाच एकर जमीन त्यांच्या नावावर होती आणि ती त्यांनी स्वतः कसली. दूध मापताना, रेशनचा गहू घेताना, जिनिंगवर कापूस तोलताना त्यांचं वाक्य ठरलेलं: "माह्यासमोर मोज." गावात त्यांना पाठीमागे ‘काटा’ म्हणत. माझं आयुष्य पतसंस्थेचे हिशेब लिहिण्यात गेलं, त्यामुळे मला ही सवय आवडायची. तसं एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "तू लोकाईचे मोजतं पगार घेऊन. मी माह्ये मोजतो फुकट. बरोबरी नको करू, मधू."

मग आवाज बसला. आम्ही सगळे थंडीचं म्हणत राहिलो. नागपूरला तपासलं तेव्हा डॉक्टरांनी कागद गजाननसमोर धरला आणि त्यालाच समजावून सांगितलं: कॅन्सरची गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला भोक राहील, श्वास तिथूनच घ्यावा लागेल. देवकाबाई दोघांच्या मधोमध बसल्या होत्या. "गळा माह्या हाय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे पाहून काहून बोलून राह्यले?" डॉक्टर हसले आणि उरलेलंही गजाननलाच सांगितलं.

त्या इमारतीत त्यांच्याकडे बघून बोलणारी एकच व्यक्ती भेटली. वाचा-उपचाराच्या खोलीतली एक तरुण मुलगी. तिने सांगितलं, ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज फोनमध्ये भरून ठेवा. एक ॲप असतं, त्यात चौकोन येतात, प्रत्येक चौकोनात तुमचं एकेक वाक्य. नंतर बोट लावलं की तुमच्याच आवाजात ते वाक्य ऐकू येईल. नमुन्याची वाक्यंही तिने छापून दिली: मला पाणी हवं आहे. मला दुखत आहे. मी ठीक आहे. धन्यवाद.

फोन घेतल्यावर भरणी माझ्या घरी केली. पंखा बंद, दार बंद. मी वाक्यं वाचून दाखवत होतो.

"‘मी ठीक आहे’ कायले भरू? ठीक असली तं बोलतोच कायले मी?"

"धन्यवाद?"

"जन्मात म्हटलं नाही. आता गळा कापल्यावर म्हणू?"

शेवटी त्यांनी आपली वाक्यं स्वतः ठरवली. ‘काहून?’ एक. ‘ये बे, लवकर ये’ एक. ‘ओलावा यंत्रानं पाय,’ म्हणजे कापसाचा ओलावा यंत्राने बघ, हे जिनिंगसाठी. ‘मी अजून जिती हाय.’ दोन अस्सल शिव्या, त्या इथे लिहीत नाही. गजानन म्हणाला, "आई, शिव्या तरी नको भरू." तर म्हणाल्या, "पाणी खुणेनं मांगता येते. शिवी खुणेनं देता येत नाही." मग त्याच्याकडे बघत पुढचा चौकोन भरला: "गजानन, आधी मले इचार." सगळ्यात वर, मोठ्या चौकोनात, माह्यासमोर मोज.

ऑपरेशन झालं. गळ्याखालच्या भोकावर ओलं मलमलचं फडकं बांधून त्या घरी आल्या. पहिल्याच महिन्यात एकदा दुपारी जेवायला बसलो होतो, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "ये बे, लवकर ये." पुन्हा तेच. पुन्हा तेच. धावत गेलो. भोकात कफ वाळून अडकला होता, चेहरा काळा पडला होता, आणि एक बोट त्या चौकोनावर दाबलेलं होतं. शिकवल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले, कफ काढला. श्वास आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एका शिवीवर बोट ठेवलं. मला उशीर झाला होता म्हणून. फोन ही त्यांची हौस नव्हती. शेजारच्या माणसाला हाक मारायला त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

त्या वर्षी बोंडअळीने निम्मी बोंडं खाल्ली होती. जो कापूस हाती आला त्याला भाव नव्हता, आणि जो भाव होता त्यालाही जिनिंगवर कात्री लागायची. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर गाडीतल्या कापसात हात खुपसायचा, हवेत बघायचा आणि ओलावा जास्त आहे म्हणून कट्टी, म्हणजे वजनातली कपात, सांगायचा. ओलावा मोजायचं यंत्र त्याच्या टेबलाच्या खणात असायचं. देवकाबाईंची गाडी आली. त्याने हात खुपसला. त्यांनी फडकं नीट केलं, फोन वर धरला आणि बोट लावलं.

"ओलावा यंत्रानं पाय."

क्षणभर कोणाला कळलंच नाही कोण बोललं. मग त्यांनी वरचा चौकोन दाबला. माह्यासमोर मोज. ग्रेडरने आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "अरे, बुढीच्या पोटात रेडिओ हाय!" हमाल हसले. गाडीवाले हसले, ज्यांच्या स्वतःच्या गाड्यांना तीच कट्टी लागणार होती तेही. एकाने व्हिडिओ काढला. देवकाबाई दाबत राहिल्या आणि ते हसत राहिले. यंत्र खणातून निघालं नाही.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर होता. दुसऱ्या दिवशी पुसदमध्ये माझ्याच पतसंस्थेतल्या शिपायाने मला दाखवला, "साहेब, तुमच्या गावची रेडिओ बुढी." मी त्याला काय बोललो ते तिथल्या सगळ्यांनी ऐकलं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

गजाननला त्या व्हिडिओची लाज वाटली. ग्रेडरची नाही, आईची. पंधरा दिवसांनी त्याने जमीन मक्त्याने कसायला द्यायला एक माणूस घरी आणला. बोलणं अंगणात चाललं होतं, मी माझ्या ओट्यावर होतो. रक्कम ठरली, चहा आला, तेवढ्यात दारातून आवाज आला, "गजानन, आधी मले इचार." आलेला माणूस कप खाली ठेवून उभा राहिला. देवकाबाईंनी पुढचा चौकोन दाबला, "मी अजून जिती हाय." तो माणूस चहा अर्धा टाकून गेला.

त्याच आठवड्यात गजानन फोन घेऊन पुसदला गेला. परत आणला तेव्हा फोन कोरा होता. ॲप नाही, चौकोन नाहीत. प्रत असावी म्हणून मी सगळी वाक्यं फोनमधल्या कार्डावरही ठेवली होती. कार्डही पुसलेलं.

"हँग होऊन राह्यलता, भाऊ," तो मला म्हणाला. "दुकानदार म्हणे फॉरमॅट मारा लागते."

"आत तिचा आवाज होता, गजानन."

"मले काय माहीत?"

त्याला माहीत होतं. भरणी त्याच्यासमोर झाली होती. हँग होणारा फोन मी रोज हाताळत होतो आणि तो एकदाही अडला नव्हता. मी दुकानदाराकडे गेलो, मग दुसऱ्या दुकानात, मग नागपूरला त्या मुलीला फोन केला. परत मिळत नाही, असं तिघांनीही सांगितलं. मुलीने ॲप पुन्हा टाकायला सांगितलं; त्यात तयार आवाज असतो. मी टाकलं. देवकाबाईंनी बोट लावलं. शहरातली कोणी बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया मला मदत करा." त्यांनी फोन पालथा घातला आणि माझ्याकडे पाठ केली. हाक मारायची वेळ आली की त्या भिंतीवर लोटा आपटू लागल्या. रात्री तो ऐकू येईल की नाही, या भीतीने मी थंडीतही कानाला मफलर बांधून झोपणं सोडलं.

मग एक दिवस त्या स्वतः माझ्याकडे आल्या. माझ्या फोनकडे बोट दाखवलं, मग हात पोटावर ठेवून हसल्यासारखं केलं. मला कळायला वेळ लागला. रेडिओ बुढी. तो व्हिडिओ.

त्यांचा आवाज जगात तेवढाच शिल्लक होता. मी ग्रुपवर मागे जाऊन तो शोधला. ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला होता त्यांच्याकडे आणखी कोणता तुकडा आहे का विचारत फिरलो. त्यांना वाटलं भांडायला आलोय. हाती लागली दोन वाक्यं. यंत्रानं पाय, आणि माह्यासमोर मोज. मागे हसणं होतं, आणि ग्रेडरचं ते वाक्य. मी कापून बघितलं. हसणं त्यांच्या शब्दांवरच चढलेलं होतं. "काकू, हसणं निघत नाही," मी म्हणालो. त्यांनी हाताने सांगितलं, राहू दे. मी नाही म्हटलं. एवढी घाण तुमच्या फोनमध्ये कशाला? त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझं बोट चौकोनावर नेऊन ठेवलं. मी ते तसंच भरलं.

शेवटच्या वेचणीची गाडी घेऊन त्या जिनिंगवर गेल्या. मी सोबत होतो. हवेत कापसाचा भुरका उडत होता, त्यांच्या गळ्यासाठी तो वाईट, म्हणून फडकं दुहेरी भिजवलं होतं. ग्रेडरने हात खुपसला. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला आणि बोट लावलं.

"माह्यासमोर मोज." आणि त्यामागून त्याचाच आवाज आला, "बुढीच्या पोटात रेडिओ हाय!" आणि हमालांचं हसणं, ज्याचं त्याला ओळखू येणारं. या वेळी कोणी हसलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच हसणं, तेवढंच, त्याच जागी. एक हमाल गाडीच्या मागे गेला.

"बंद कर व आजी," ग्रेडर म्हणाला.

त्यांनी पुन्हा दाबलं.

"अवो, बंद करा ना. लोक पाहून राह्यले."

पुन्हा. त्याने खण उघडला, यंत्र काढलं, कापसात खुपसलं आणि आकडा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाकून वाचला, मग मला वाचायला लावला. ओलावा थोडा जास्त होताच. कट्टी लागली, यंत्राने सांगितली तेवढीच. देवकाबाईंनी मान हलवली आणि फोन कमरेला खोचला. मागच्या गाडीवाल्याने ग्रेडरला म्हटलं, "मंग माह्या कापसात बी तेच टाक न, बावा." ग्रेडरने यंत्र खणात ठेवून खण बंद केला. मी हे काही विजय म्हणून लिहीत नाही. पुढच्या सगळ्या गाड्यांना हातानेच कट्टी लागली.

पुढच्या चैत्रात गाठ परत आली. या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी कोणालाच फार समजावलं नाही. शेवटचे आठ दिवस त्या बोलल्या ते फक्त दोन चौकोनांतून. सुनेने औषधाचे थेंब मोजताना घाई केली की खोलीत त्या हमालांचं हसणं घुमायचं. सून कान झाकून घ्यायची, आणि थेंब पुन्हा मोजायची. जमीन शेवटपर्यंत मक्त्याने गेली नाही.

तेराव्यानंतर गजानन माझ्या ओट्यावर आला. फोन हातात होता.

"भाऊ, हा इकून टाकतो. दुकानदार म्हणे फॉरमॅट मारून आणा, मंग भाव सांगतो."

मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. किती, म्हणून विचारलं.

"नवा आठ हजाराचा होता."

आठ हजार चारशे, मी म्हणालो, आणि ते तुझे नव्हते. तो खाली बघत राहिला. पण उठला नाही.

शेवटी मी दिले ते पंधराशे रुपये, रोख, गजाननला, त्याच्या आईच्या आवाजाबद्दल. त्याने ते माझ्यासमोर मोजून घेतले.