गाडीतला दबका आवाज

अमरावती रोडवर, वाडीच्या थोडं अलीकडे, ट्रकांच्या रांगेमागे कामिनी भोयरचं दुकान आहे. गाड्यांना स्पीकर बसवायचे आणि फाटलेले दुरुस्त करायचे, हा तिचा धंदा. मूळची ती काटोलची. संत्र्याची बाग सांभाळणाऱ्या तिच्या वडिलांना, रामाजींना, आपली पोर आयटीआयला जाऊन तारा जोडायला शिकेल असं कधी वाटलं नव्हतं. पण ती जाते म्हणाली तेव्हा त्यांनी अडवलंही नाही. आता कामिनीची पंचेचाळिशी आली. अजूनही नवं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की इकडेतिकडे बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठं हाय?" "मीच हाय जी," म्हणत ती पेचकस उचलते.

मार्चमधल्या एका सकाळी मधुसूदन पाध्ये आले. सत्तरी उलटलेली, सरकारी नोकरीतून निवृत्त, शर्टाच्या खिशाला पेन. त्यांनी डिकीतून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं.

"गाडी विकायचं ठरलंय," ते म्हणाले. "दारातले हे नवे स्पीकर काढा आणि कंपनीचे हे जुने परत लावून द्या."

"नवे काहून काढता काका? चांगल्यातले दिसून राहिले."

"चांगलेच आहेत. माझेच कान गेलेत." त्यांनी हे अगदी सहज सांगितलं, पण नजर रस्त्याकडे वळवली. रोज सकाळी अंबाझरी तलावाच्या बाजूला गाडी उभी करून तासभर शास्त्रीय गाणं ऐकायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. घरी बायकोचा, यमुताईंचा, टीव्ही चालू असतो, म्हणून गाडी हीच त्यांची गाण्याची खोली. दिवाळीच्या सुमाराला जुने स्पीकर फरफरायला लागले. एका दुकानदाराने नवे बसवून दिले, आणि तेव्हापासून गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं यायला लागलं. आवाज कितीही वाढवा, गवई जवळ येईना. दुकानदार म्हणाला, स्पीकर एक नंबर आहेत, तुमचं वय झालं. मधुसूदनरावांनी ते मानलं. ऐकणं सुटलं, मग अंबाझरी सुटली, आणि मग गाडी तरी कशाला ठेवायची, असं वाटू लागलं.

कामिनीने खोक्यातला जुना स्पीकर उलटा करून चुंबकामागचा आकडा वाचला. मग दाराचं पॅनल खोलून नव्याला मीटर लावलं.

"काका, इकडं या जी. हे पाहा. तुमच्या गाडीतला कंपनीचा ॲम्प्लिफायर दोन ओहमच्या स्पीकरासाठी बनवला हाय. त्यानं हे बसवले चार ओहमचे. म्हणजे जेवढी ताकद पोचाले पाहिजे, तिच्या अर्धीच पोचून राहिली. त्यात एका दाराची तार उलटी जोडली. एक स्पीकर हवा पुढं ढकलते तवा दुसरा मागं ओढते. गाणं येईन कुठून?"

मधुसूदनराव वाकून मीटरकडे बघू लागले. "म्हणजे माझे कान..."

"गाडीत घोळ हाये. कानाचं मले माहीत नाही."

जुन्या स्पीकरांची फक्त कडेची झालर फाटली होती. आतली गुंडाळी शाबूत होती. कामिनीने नवी झालर चिकटवली, दोन दिवस सुकू दिली आणि तारा नीट बघून स्पीकर दारात बसवले. मधुसूदनरावांनी त्यांची आवडती भैरवी लावली. पहिल्याच आलापाला त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

गाणं संपल्यावर ती नेहमीप्रमाणे शेवटची तपासणी करायला लागली. मोबाइलवरून एक सूर सोडायचा आणि तो खालपासून वर चढवत न्यायचा. कुठे खरखर होते का ते कळतं. "आवाज येऊन राहिला तोवर हात वर ठेवा," ती म्हणाली. मधुसूदनरावांनी हसत हात वर केला. सूर चढत गेला, आणि मध्येच त्यांनी हात खाली घेतला. "संपला ना?"

कामिनीच्या कानात तर तो शिट्टीसारखा टोचत होता. तो अजून बराच वेळ चढत राहिला.

सगळं ठीक आहे म्हणून सांगता आलं असतं. माणूस इतक्या महिन्यांनी खुशीत होता. पण तिला नत्थू आठवला. बाविसाव्या वर्षी सीताबर्डीतल्या दुकानात काम शिकत असताना, मालकाच्या सांगण्यावरून तिने नत्थूच्या टॅक्सीत ॲम्प्लिफायरला न झेपणारे स्पीकर जोडले होते. तिसऱ्या दिवशी ॲम्प्लिफायर जळाला. मालक म्हणाला, गाडी धुताना पाणी गेलं असेल. नत्थूने स्वतःच्याच हाताला दोष दिला, मान हलवली आणि गेला. कामिनी बाजूला उभी होती. ती बोलली नाही. ते न बोलणं तिच्या मनातून आजवर गेलेलं नाही.

"काका," ती शेजारच्या सीटवर बसत म्हणाली, "सूर संपला नव्हता. मले अजून ऐकू येत होता. घोळ गाडीत होता हे खरं, पण थोडा कानातही हाय. डॉक्टरले दाखवून घ्या."

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा क्लीनर ओरडत होता. मधुसूदनराव म्हणाले, "त्या दुकानदाराने सगळंच माझ्या कानांवर ढकललं. तू निम्मंच ढकललंस."

"जेवढं हाय तेवढंच सांगतलं."

गाडी विकली गेली नाही. पावसाळ्याआधी मधुसूदनराव पुन्हा आले, ते यमुताईंना घेऊन. मधुसूदनरावांच्या कानामागे ऐकण्याचं छोटं यंत्र होतं. यंत्राने गाणं पत्र्यासारखं वाजतं, म्हणून गाणं ऐकताना ते काढून खिशात ठेवतात, असं त्यांनी सांगितलं.

"पण घरी लावतात हो," यमुताई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी बोललेलं ऐकू येत नव्हतं की ऐकायचं नव्हतं, ते आता कळतंय."

मधुसूदनराव खळखळून हसले. कामिनीने त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि एका जीपचं दार खोलायला घेतलं.