वहाणांपाशी बसवलेली पोर

देवाच्या घरात पास-नापास कुणी आणलं, ते मला अजून कळलेलं नाही. सरकारी शाळेत उर्दूचा धडा चुकला की मास्तर छडी काढायचा, ते एक वेळ समजू शकते. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीतही कापणीच्या सणाला तेच! जोंधळा निघाला की घरोघरची पहिली कणसं वेदीपुढं रचायची आणि पोरांनी स्तोत्र तोंडपाठ म्हणायचं. न अडखळता म्हटलं तर रंगीत चित्राचं इनाम आणि पुढं सतरंजीवर जागा. अडखळलं की दाराशी, वहाणांपाशी. हा नेम मंडळीच्या पंचांनी काढलेला. तहसिलीत कारकून होते ते. माणसं दाराबाहेर ताटकळत ठेवायची सवयच लागलेली.

माझी धाकटी लेक तोतरी. आदल्या सालच्या सणाला ती उभी राहिली, पहिला शब्दच फुटेना आणि सारी पोरं फिदीफिदी हसली. त्यानंतर तिनं बोलणंच टाकलं. मीठ हवं असलं तरी बोट दाखवायची. शेजारणी म्हणायच्या, "मुकीच हाय का गं तुझी?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग एकदा शेळीला चारा घालताना तिला मेंढपाळाचं स्तोत्र पुटपुटताना ऐकलं. देव मेंढपाळ होऊन अंधाऱ्या दरीतही सोबत चालतो, ते. शेळी काही हसत नाही ना! आधी शेळीपुढं, मग माझ्यापुढं, असं तिनं ओळीमागून ओळ जिभेवर बसवली. सण आला तशी म्हणाली, "मी उ-उभी ऱ्हाणार." मला लई भ्या वाटलं. या खेपेला हसले तर ही जन्माची मुकी होणार, हे मला दिसत होतं.

उभी राहिली. अडखळत अर्धं स्तोत्र म्हटलं तिनं. अंधाऱ्या दरीच्या ओळीपाशी जीभ अडली आणि पंचांनी लगेच हात वर केला, "बस. नापास. मागं जा." कुणीतरी खिदळलं. पोर दाराकडं गेली.

माझं डोकंच फिरलं. उपासनेत बाईनं तोंड उघडायचं नसतं. पुरुषांच्या बाजूनं नवरा खोकून खोकून खुणावत होता. खोक म्हणावं! मी उभी राहिले.

"पंच, पोटरीला आलेला जोंधळा, कणीस दिसत न्हाई म्हणून उपटून फेकता का तुमी? गेल्या साली हिला एक शब्द फुटत न्हवता. आज अर्धं म्हटलं, ते कुणी बघायचं? मेंढपाळाचं स्तोत्र म्हणवून घेता आन् लेकराला अंधाऱ्या दरीत सोडून इनाम वाटता व्हय?"

"बाई, खाली बसा. नेम म्हंजे नेम."

"बसते. आधी तिचं होऊ द्या."

पोर खाली मान घालून उभी. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिनं सुरुवात केली, आणि तीही दरीपासून नव्हे, पार पहिल्या शब्दापासून. पंच हातात इनाम धरून ताटकळले. ताटकळेनात का! दरीपाशी ती पुन्हा अडली, बराच वेळ अडली. या वेळी कुणी हसलं नाही. मग ती ओळ ओलांडून शेवटापर्यंत गेली.

इनाम घडाघडा म्हणणाऱ्या पोरालाच मिळालं. घरी येताना मी पंचांच्या नावानं बोटं मोडत होते, तर लेकीनं माझा पदर ओढला.

"आई, पु-पुढल्या साली याच्याहून मोठं स्तोत्र घेऊ का?"