अक्कांच्या हातावरचं क्रीम

मी नागपूरची. उन्हाळाभर कूलरला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांचा वास घेत वाढलेली. त्यामुळे वाळा मला कोणी शिकवायचा नाही, अशी माझी ठाम समजूत. यशवंतपूरच्या लहानशा क्रीमच्या कारखान्यात लागले, तेव्हा ही समजूतही बरोबर घेऊन गेले.

तिथे अर्क काढायचं काम अक्कांकडे. बनशंकरीच्या, पिढ्यान्‌पिढ्या त्या कानडी मुलखातच राहिलेल्या मराठी घरातल्या. वाळ्याची मुळं माती सुटेपर्यंत धुवायच्या, बारीक कापून ग्लिसरीन-पाण्यात भिजत घालायच्या, घाई म्हणून करायच्या नाहीत. आणि कुठलंही नवं क्रीम आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर ठेवायच्या. "लोकांनी तोंडाला लावायचं, मग आपल्या हाताला नको?" म्हणायच्या. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

माझं पहिलंच क्रीम वाळ्याचं. मालकांना पसंत पडलं तरच माझी नोकरी पक्की होणार होती. अक्कांनी दिलेला अर्क मी हुंगला, तर वास नावालाच!

"काहून हो अक्का, हा कसला वाळा?"

"स्वल्प दम धर गं. हा कातडी मऊ ठेवायला आहे, कूलरला बांधायला नाही."

माझं डोकंच फिरलं. त्या जेवायला गेल्या तशी मी क्रीममध्ये वाळ्याच्या वासाचं बाजारी सेंट ओतलं, तेही सढळ हाताने. कृतीच्या कागदावर मात्र त्याचं एक अक्षर लिहिलं नाही.

अक्कांनी झाकण उघडलं. "वास बराच आलाय. काय घातलंस?"

"काही नाही. तुमचाच अर्क."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "सरी, बरं," म्हणाल्या आणि क्रीम डाव्या हाताला लावलं.

दुसऱ्या दिवशी मालक क्रीम हुंगून एकदम खूश. "वा, वाळा असावा तर असा!" शेजारी अक्का उभ्या होत्या, हातावर पदर घेऊन. पदर जरा सरकला, तेव्हा मला तो हात दिसला. लालभडक, पुरळ उठलेला. त्यांनी पदर पुन्हा नीट केला. दोन वाक्यांत त्यांना मला घरी पाठवता आलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, तो वास अर्काचा नाही. मी सेंट घातलं आणि अक्कांशी खोटं बोलले."

मालकांनी मला यथेच्छ झापलं. शेवटी म्हणाले, एकदाच संधी, नवं क्रीम करून दाखव.

मी केलं. फक्त अर्क घालून, वजन करून, सगळं कागदावर लिहून. डबी घेऊन अक्कांपुढे गेले खरी, पण ती पुढे करवेना. कोणत्या तोंडाने सांगणार, लावून बघा म्हणून?

"यात काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कागद पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. उजवा हात माझ्यापुढे धरला.

"लाव," म्हणाल्या.